नानांच्या नावाने चारचाकी नको : यात्रा कमिटीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य, यात्रा कमिटी,
तसेच तालुक्यातील बैलगाडा मालक आणि शर्यतींचे आयोजक यांस,

विषय : यंदाच्या चैत्री यात्रेतील स्मृती शर्यतीबाबत

स. न. वि. वि.

येत्या चैत्री यात्रेत आपल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या मातीच्या चढावर, होणारी बैलगाडा शर्यत गावचे आडतदार कै. नाना यांच्या स्मरणार्थ भरवायची, तिला त्यांचे नाव द्यायचे आणि 'घाटाचा राजा' ठरणाऱ्या गाड्याला चारचाकी बक्षीस द्यायची, असा ठराव आपल्या कमिटीने मागील बैठकीत केला. त्याच बैठकीत टोकनची, म्हणजे गाडा पळवण्यासाठी भरायच्या शुल्काची, रक्कम तिप्पट करण्याचे, घाटाची माती धरण्याचे आणि पाणी मारण्याचे काम यंदापुरते आटोपशीर करण्याचे, आणि जुंपणीच्या जागेजवळचा बैलतपासणीचा मांडव हलवून तेथे पाहुण्यांसाठी व्यासपीठ बांधण्याचेही ठरले. पहिला ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. उरलेल्या तिन्हींवर कोणी फारसे बोललेच नाही. मला या चारही ठरावांविषयी लिहायचे आहे, कारण चारचाकीचा खर्च उरलेल्या तीन ठरावांतून काढला जाणार आहे, आणि ते तिन्ही ज्या कामांवर पडतात ती कामे नानांनी वर्षानुवर्षे पदरमोड करून चालवली होती.

मी याबाबत लेखी अर्ज दिला होता. त्याचे उत्तर आले नाही. मी कमिटीची सदस्य नाही, त्यामुळे बैठकीत बोलण्याचा हक्कही मला नाही. शिवाय आपल्या घाटात जे होते त्याची नक्कल पुढच्या यात्रेत शेजारची चार गावे करतात, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

माझा या गोष्टीशी काय संबंध, हे आधी सांगते. मी याच तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करते आणि माझे वडील गाडामालक होते. गाडामालक हा शब्द आज ऐकणाऱ्याला भारदस्त वाटेल, पण आमचे दोन एकर कोरडवाहू रान, एक बैलजोडी आणि उरलेले बैल पैऱ्याने, म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यातून बोलीवर आणलेले, एवढाच आमचा थाट होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर या आमच्या पट्ट्यातली शर्यत सातारा-सांगलीकडच्या छकड्यांपेक्षा किंवा विदर्भातल्या शंकरपटापेक्षा वेगळी असते. येथे चढावर बांधलेल्या मातीच्या घाटातून चार बैलांचा गाडा पळतो, पुढे घोडी असते, गाड्यात माणूस बसत नाही, आणि सगळा खेळ काही सेकंदांत संपतो. त्या सेकंदांसाठी माणसे वर्षभर उडदाचे पीठ, खारीक, दूध आणि शाळूचा कडबा बैलांच्या तोंडी घालतात आणि स्वतः भाकरी-ठेच्यावर राहतात. हे वेड आहे, हे मला मान्य आहे. मी त्याच वेडात वाढले.

नानांची कांदा-बटाट्याची आडत होती. दोन मालट्रक, पाण्याचा एक टँकर आणि वाडवडिलांची जमीन, एवढी त्यांची श्रीमंती. तालुक्यात त्यांच्यापेक्षा पैसेवाले पुष्कळ होते आणि आहेत. त्यांनी स्वतः शर्यतीचा बैल कधी पाळला नाही. तरीही घाटाच्या आसपास ज्याचे म्हणून काही अडले, तो त्यांच्याकडे गेला आणि रिकाम्या हाताने परतला नाही. पण त्यांची एक अट होती, आणि ती कमिटीतल्या जुन्या मंडळींना चांगली ठाऊक आहे : माझा रुपया पहिल्या बक्षिसात घालायचा नाही. जो जिंकतो त्याला गुलाल, भंडारा, ताशा आणि फोटो मिळतोच, त्याला माझी काय गरज, असे त्यांचे म्हणणे असे. त्यांचा पैसा लागायचा तो ज्याचा गाडा गावात कोणाच्या लक्षातही राहणार नाही त्याच्या टेम्पोभाड्याला. लांबून आलेल्या, बारी (धावण्याची फेरी) फसलेल्या, निशाणालाच गाडा बाहेर गेलेल्या माणसाला संध्याकाळी बैल पिकअपमध्ये चढवताना कोणीतरी येऊन घडी केलेल्या नोटा हातात ठेवायचे. त्यातल्या कित्येकांना त्या कोणी दिल्या हेही कळले नाही. निवेदकाने एकदा माइकवरून त्यांचे नाव घेतले, तर नानांनी त्याच्याशी वर्षभर बोलणे टाकले.

बंदीच्या काळाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आज घाटात येणाऱ्या तरुणांना तो काळ ठाऊक नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे गाडे गोठ्यातच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तारखा लिहायला सोप्या आहेत. पण २०१४ मध्ये चार दाती असलेला खोंड बंदी उठली तेव्हा म्हातारपणाकडे झुकलेला होता, आणि मधली सात वर्षे त्याला दावणीला बांधून खाऊ घालणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. शेतीच्या कामाला ट्रॅक्टर आलेला, शर्यत बंद, मग खिलार जनावर सांभाळायचे कशासाठी, हा प्रश्न आमच्या घरातही रोज रात्री निघायचा. चाकणच्या बाजारात तेव्हा कोणती जनावरे कोणाच्या हातात गेली, ते मी येथे लिहीत नाही. आपणा सर्वांना माहीत आहे.

त्या वर्षांत नानांनी आमच्या अंगणात कडब्याच्या पेंढ्या उतरवल्या. वडिलांनी पैसे विचारले तेव्हा आडतीवर जागा नाही, तुमच्याकडे ठेवतो, लागल्या तर वापरा, असे सांगून ते ट्रकमध्ये बसले. हीच जागेची अडचण त्यांना त्या वर्षांत अनेक गोठ्यांच्या बाबतीत पडली. माणसाला घेणेकरी न ठरवता देण्याची ही रीत मी नंतर फार थोड्या ठिकाणी पाहिली. वडिलांची जोडी विकली गेली नाही ती त्या कडब्यामुळे, आणि मी पशुवैद्यकीय शिक्षण अर्धे टाकून परत आले नाही त्याचेही एक कारण तेच, कारण बैल विकण्याची वेळ आली असती तर त्यापाठोपाठ माझी फी थांबली असती.

आता तक्रारींकडे वळते.

पहिली तक्रार मातीची आहे, आणि ती सर्वांत गंभीर आहे. घाट म्हणजे उतारावर ओतलेला मुरूम नव्हे. चढावर पळणारा बैल मागच्या खुरांनी जमीन मागे ढकलतो, त्यामुळे त्याचा सगळा भार खुराच्या टोकावर आणि मागच्या पायांच्या शिरांवर येतो. वर वाळून टणक झालेली माती असेल तर खूर घसरतो. माती फार भुसभुशीत असेल तर पाय रुततो आणि शीर ताणली जाते. दोन्हीच्या मधली, दाबली तर ठसा उमटेल पण पाय आत जाणार नाही अशी माती लागते, आणि ती आदल्या रात्री पाणी मारून, पहाटे फळी फिरवून आणि उन्हे चढल्यावर मधूनमधून हलका शिडकावा देऊनच तयार होते. सकाळी घाईघाईने टँकर रिता केला तर वर चिखल आणि खाली दगड अशी स्थिती होते. नानांचा टँकर रात्रीच घाटावर लागायचा, तो यासाठी. शर्यतीच्या दिवशी उजाडता उजाडता ते स्वतः चपला काढून घाटाच्या तळापासून माथ्यापर्यंत चालत जायचे. तळव्याला टोचलेला खडा वाकून उचलायचा, सदऱ्याच्या खिशात टाकायचा, पुढे जायचे. माथ्यावर पोहोचले की खिसा लोंबकळत असायचा. मग बैल जेथे थांबवतात त्या माथ्यावरच्या मोकळ्या रानात पुन्हा एक फेरी, कारण वेगात आलेला गाडा अडवताना तेथेच सर्वाधिक पाय मोडतात, आणि तेथे प्रेक्षकांचे लक्ष नसल्याने आयोजकांचेही नसते. खड्याने फुटलेला खूर बरा होण्यास किती काळ लागतो हे मला उपचार करताना दिसते, आणि तो बैल पुढे पहिल्यासारखा पळेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. या कामाला 'आटोपशीर' हा शब्द लावणाऱ्या सदस्याने यंदा पहाटे एकदा अनवाणी घाट चढून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.

दुसरी तक्रार तपासणीच्या मांडवाची. बंदी उठल्यानंतर २०१७ च्या नियमावलीप्रमाणे शर्यती सुरू झाल्या. त्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जास्तीत जास्त एक हजार मीटर अंतर, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी, आणि काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा झटका देणारे साधन वापरण्यास मनाई या अटी आहेत. अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घटनापीठाच्या निकालानेही या अटी काटेकोर पाळल्या जातात की नाही याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकलेली आहे. अनेक ठिकाणी ही तपासणी कागदावर उरकली जाते, हे उघड गुपित आहे. आपल्या घाटात ती उरकली गेली नाही, कारण नानांनी जुंपणीच्या जागेला लागून मांडव घालून दिला, पाण्याची पिंपे ठेवली, माझ्यासोबत एक मदतनीस दिला, आणि मी ज्या बैलाला नाही म्हणेन तो पळणार नाही, मग तो कोणाचाही असो, हे सर्व गाडामालकांसमोर स्पष्ट केले. घाटात एका बाईने येऊन मोठमोठ्या गाडामालकांच्या बैलांचे खांदे चाचपावेत, हे पहिल्या वर्षी पुष्कळांना रुचले नव्हते. खांदेसूज आलेला एक नामांकित बैल मी थांबवला तेव्हा मांडवाभोवती बरीच गर्दी जमली. नाना आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि काही न बोलता तंबाखू मळू लागले. गर्दी पांगली.

तो मांडव आता घाटापासून दूर, वाहनतळाच्या कडेला जाणार आहे. कागदावर तपासणी होईलच, पण तेथे तपासलेला बैल आणि प्रत्यक्ष जुंपलेला बैल एकच आहे, हे कोण पाहणार? कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक जुंपणीच्या ठिकाणीच ताडून पाहावा लागतो. पैऱ्याचे बैल ऐनवेळी बदलतात, हे मी आपणास सांगण्याची गरज नाही. आणि ज्या जागी बैल सावलीत उभे राहायचे, त्या जागी पाहुणे सावलीत बसणार, याला मी काय म्हणावे ते मलाच सुचत नाही.

तिसरी तक्रार टोकनची. तिप्पट टोकन भरणे वडिलांसारख्या माणसाला शक्य झाले नसते. आपण म्हणाल की बक्षीस मोठे तर टोकन मोठे, हा साधा व्यवहार आहे. व्यवहार म्हणून तो बरोबरही असेल. पण मग त्याला नानांचे नाव का? टोकनचे पैसे नसलेल्या गाड्यांचे टोकन जे स्वतः भरत होते, त्यांच्याच नावाच्या शर्यतीत टोकनसाठी माणूस माघारी जाणार असेल, तर ती स्मृती नव्हे, त्यांच्या आयुष्याच्या उलट दिशेने काढलेली मिरवणूक आहे.

चौथी तक्रार खुद्द चारचाकीची. गेल्या काही वर्षांत राज्यभर बक्षिसांची चढाओढ लागली आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२२ साली जेसीबी आणि बोलेरो बक्षीस ठेवले गेले, त्यानंतर कोठे ट्रॅक्टर, कोठे थार, कोठे मोटारसायकलींची रांग. देणाऱ्याने द्यावे, घेणाऱ्याने घ्यावे, त्यात मला बोलण्याचे कारण नाही. पशुवैद्यक म्हणून मात्र एक गोष्ट सांगणे माझे काम आहे : बक्षीस जितके मोठे, तितका बैलाच्या शेपटीला हात घालण्याचा, इंजेक्शन देण्याचा आणि न झेपणाऱ्या जनावराला जुंपण्याचा मोह मोठा. न्यायालयात आमच्या विरोधात जे पुरावे मांडले गेले, ते सगळे खोटे होते असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. शेपट्या पिरगाळल्या जात होत्या, चावल्या जात होत्या, दारू पाजली जात होती, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले आहे. नानांनाही ते माहीत होते. बंदी आपल्यावर कोणी शहरातून लादली नाही, आपल्यातल्या काहींनी ती ओढवून आणली, असे ते स्पष्ट बोलत, आणि त्यामुळे काही मंडळींना ते आवडत नसत.

मोठ्या बक्षिसाबरोबर गाड्यांची संख्या वाढते, आणि संख्या वाढली की बारी येईपर्यंत बैल उन्हात ताटकळतात. चैत्र-वैशाखातले ऊन आहे. बैलाला माणसाइतका घाम येत नाही, तो घामावाटे आणि धापेवाटे उष्णता बाहेर टाकतो, आणि जुंपून उभा केलेला, गर्दीने आणि ताशाने बिथरलेला बैल धावण्याआधीच तापलेला असतो. विश्रांतीत ज्याचे तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असते, त्याचे दुपारी जुंपणीच्या रांगेत दोन-दोन अंशांनी चढलेले मी मोजलेले आहे. याच कारणाने नाना भर दुपारी घाट बंद ठेवायला लावत. दुपारची सुटी यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. पाहुण्यांच्या सत्काराची वेळ मात्र साडेबारा छापलेली आहे.

प्रेक्षकांच्या सुरक्षेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो प्रशासनाचाही विषय आहे. घाटाच्या दोन्ही अंगांना लोखंडी कठडे लावण्याचा खर्च नाना आणि आणखी दोन आडतदार मिळून करत. यंदा त्यासाठी तरतूद दिसत नाही. गाडा गर्दीत घुसला तर काय होते, ते पाहिलेली माणसे याच गावात आहेत.

या सर्वांवर आपले उत्तर काय असेल, याची मला कल्पना आहे. गावाने इतक्या मोठ्या मनाने एका माणसाचे नाव जपायचे ठरवले, त्यात ही बाई खोडा घालते आहे, असे म्हटले जाईल. मला एवढेच सांगायचे आहे की नानांना स्वतःच्या नावाचा काय सोस होता, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्यांच्या साठीला काही उत्साही तरुणांनी वेशीवर त्यांचा भला मोठा फ्लेक्स लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वेस मोकळी होती, आणि त्या पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर नानांचाच चेहरा उलटा, चारी कोपऱ्यांना दगड बांधलेला, असा आम्ही कित्येक महिने पाहिला. कापड चांगले आहे, वाया कशाला घालवायचे, हे त्यांचे त्यावरचे स्पष्टीकरण. कुटुंबीयांची या स्मृती शर्यतीला संमती आहे असे सांगितले जाते. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही आणि मी बोलतही नाही. दुःखात असलेल्या घराला गाव येऊन विचारते तेव्हा नाही म्हणणे किती अवघड असते, एवढे मात्र मी जाणते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

चारचाकीला नानांचे नाव देऊ नये. ज्या दानशूर व्यक्तीला ती द्यायची आहे, तिने ती स्वतःच्या नावाने खुशाल द्यावी. नानांचे नाव यात्रेत कोठे हवेच असेल, तर ज्या गाड्यांना काहीच मिळाले नाही त्यांच्या टेम्पोभाड्याचा एक निधी त्या नावाने ठेवावा, आणि त्यातून कोणाला किती दिले हे माइकवरून पुकारू नये.

जमा होणाऱ्या वर्गणीवर आणि टोकनवर पहिला हक्क मातीचा, पाण्याचा आणि कठड्यांचा असावा. हा खर्च बाजूला काढल्यावर जे उरेल त्यातून बक्षिसे ठरवावीत. आजवर आपण बक्षिसे आधी जाहीर करत होतो आणि घाटाचा खर्च नाना करत होते. आता नाना नाहीत, तेव्हा क्रम बदलावा लागेल.

तपासणीचा मांडव जुंपणीच्या जागेजवळच राहावा, तेथे सावली आणि पाणी असावे, बिल्ल्याचा क्रमांक तेथेच ताडला जावा, आणि पशुवैद्यकाने अपात्र ठरवलेला बैल कोणाच्याही शब्दावरून जुंपला जाऊ नये. जनावरांसाठी रुग्णवाहिका घाटमाथ्याजवळ उभी असावी, वाहनतळावर नव्हे. दुपारी बारा ते तीन घाट बंद ठेवावा. टोकन गेल्या वर्षीइतके करावे, आणि एका दिवसात किती गाडे पळतील याची मर्यादा आधीच जाहीर करावी, म्हणजे रात्री दिव्यांच्या उजेडात फेऱ्या उरकण्याची वेळ येणार नाही.

यात्रा संपल्यावर महिन्याभरात जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. नाना स्वतःचा हिशेब आडतीच्या पट्ट्यांच्या पाठीवर लिहीत आणि मागेल त्याला दाखवत. कमिटीला हे जड जाऊ नये.

तालुक्यातील इतर आयोजकांना मागण्या करण्याचा मला अधिकार नाही, पण विनंती आहे. निमगाव दावडी आणि थापलिंगसारख्या घाटांची कीर्ती आजच्या बक्षिसांनी झालेली नाही. तेथे गाडा पळवून आलेला माणूस गावात वर्षभर ताठ मानेने फिरायचा, मग त्याला हातात नारळ मिळालेला असो वा नसो. आपल्या यात्रांमध्येही कोणी ना कोणी नाना आहेत किंवा होते. ते हयात असतानाच त्यांच्या खर्चाची यादी करून ठेवा, म्हणजे पुढे कोणती कामे कमिटीच्या अंगावर येणार आहेत ते कळेल.

गुढीपाडव्याच्या आत कमिटीने खुली बैठक बोलवावी आणि गाडामालकांना, विशेषतः लहान गाडामालकांना, तिचे निमंत्रण द्यावे, अशी माझी विनंती आहे. बैठकीला मी येईन. मांडव जुन्या जागी राहिला, तर यंदाही सकाळपासून शेवटच्या बारीपर्यंत मी मानधन न घेता तपासणी करीन, आणि माती धरण्याच्या रात्री घाटावर हजर राहीन. मांडव हलला, तर वाहनतळावर बसून मी एकाही बैलाच्या प्रमाणपत्रावर सही करणार नाही, आणि तसे जिल्हाधिकारी कार्यालयास लेखी कळवीन. कमिटीने पर्यायी पशुवैद्यक शोधण्यास वेळ मिळावा म्हणून हे आजच स्पष्ट करत आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
गावातलीच एक पशुवैद्यक आणि गाडामालकाची मुलगी